हातातला चेंडू

एमिल हुडाकचं नाक इतक्यांदा मोडलं होतं की पुढे पुढे त्याने डॉक्टरकडे जाणंच सोडलं. दोन अंगठे नाकाच्या दोन बाजूंना लावायचे, कट्‌ असा आवाज येईपर्यंत दाबायचं, रक्त थुंकायचं, की झालं. त्याच्या लहानपणी हेल्मेटला तोंडापुढे जाळी नसायची. पोरं कातडी टोप्या घालून एकमेकांच्या अंगावर जायची आणि पडलेले दात खिशात घालून घरी यायची. डॅगर्ट या आमच्या खाणीच्या गावात त्याचं कुणाला काही वाटत नसे. जिथे बाप खाणीतून बोटं गमावून येतो, तिथे पोराच्या दाताचं कसलं कौतुक.

एमिल स्वतःही मिसरूड फुटायच्या आत खाणीत उतरला होता. मग लढाईवर गेला. परत आल्यावर लढून आलेल्यांना सरकार फुकट शिकवत होतं, म्हणून शिकला आणि गावच्या शाळेत लोखंडकामाचा मास्तर झाला. पण ते पोटासाठी. त्याचा धर्म म्हणजे शाळेची फुटबॉलची टीम, आणि त्या धर्मात आज्ञा एकच होती. चेंडू फेकायचा नाही.

आमचा हा फुटबॉल पायाने नाही, चेंडू हातात धरून खेळतात. खेळ तसा सोपा आहे, लोक उगाच अवघड करून सांगतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांच्या हवाली करायचा. सरकायचे रस्ते दोन. एक तर तो लांबोळा चेंडू पोटाशी घट्ट धरून समोरच्या माणसांच्या भिंतीत घुसायचं. नाहीतर भिंतीच्या डोक्यावरून, लांब मोकळ्या उभ्या असलेल्या आपल्या गड्याकडे फेकायचा. दुसऱ्या रस्त्याने एका दमात तीस यार्डही मिळतात. पहिल्या रस्त्याने तीन मिळाले तरी देवाची कृपा, आणि तेही कुणाची तरी फासळी देऊन. एमिलला ते तीनच हवे असत.

"फेकलेला चेंडू हवेत असतो तोवर कुणाच्याच बापाचा नसतो," तो म्हणायचा. "पोटाशी धरलेला माझ्या बापाचा."

आणि हा काही नुसता हट्ट नव्हता. त्यामागे हिशेब होता, क्रूर पण खरा. सामन्याचे भाग चार. पहिल्या भागात समोरची पोरं मार खाऊनही उभी राहतात, हसतात, शिव्या देतात. पण तेच खांदे त्याच छातीवर पुन्हा पुन्हा आदळत राहिले की शेवटच्या भागात त्यांचे पाय उचलत नाहीत. आपल्यावर येणाऱ्या पोराकडे बघताना त्यांच्या डोळ्यांत एक क्षण भीती दिसते. एमिल सगळा सामना त्या एका क्षणाची वाट बघत उभा असे. तो दिसला की शेजारच्याला म्हणे, "झाले हे. आता कापा." आणि खरंच, डॅगर्टची टीम शेवटच्या भागात समोरच्यांना चिरडून टाकत असे.

हे सगळं तयार व्हायचं ते "गल्ली"त. सरावाच्या मैदानाच्या कडेला जुन्या टायरांच्या दोन रांगा टाकून मध्ये हातभर वाट ठेवलेली होती. दोन पोरं दोन टोकांना उभी करायची आणि शिट्टी मारायची. बाजूला व्हायला जागाच नाही, तेव्हा एकच पोरगं उभं राहणार. हाडावर हाड आपटल्याचा तो आवाज रस्त्यापर्यंत यायचा. खाणीची पाळी सुटली की काळ्या तोंडाची माणसं बियरच्या बाटल्या घेऊन कुंपणाशी उभी राहत आणि आपापल्या पोरांना डिवचत. "अरे, तुझी आजी याच्यापेक्षा जोरात कणीक मळते." कुणाचा खांदा निखळला तर एमिल तो तिथेच बसवायचा आणि पोराला म्हणायचा, "लागलं?" पोरगं पांढरंफटक पडलेलं असलं तरी म्हणायचं, "नाही, कोच." दुसरं उत्तर त्या मैदानावर कुणी दिल्याचं आठवत नाही.

आता या माणसाला बहीण होती. इरेना. पाठची, एकुलती एक. तिचा नवरा अँडी पेट्रिस्को खाणीचं छत कोसळून गेला, तेव्हा तिचा मार्टी अजून रांगत होता. तेव्हापासून ती शर्टांच्या कारखान्यात मशिनवर बसायची आणि पोराला काचेच्या भांड्यासारखं जपायची. पण पोरगं काचेचं निघालं नाही. बारा-तेरा वर्षांचा झाला तोवर त्याची मान त्याच्या डोक्याइतकी रुंद झाली होती. मांड्या अशा की कोपऱ्यावरचा शिंपी विजारीचं माप घेताना देवाचं नाव घ्यायचा. एमिल त्याच्याकडे बघायचा आणि त्याच्या हाताला खाज सुटायची. खोटं कशाला बोला, भाचा म्हणून आधी त्याने त्याच्याकडे पाहिलंच नाही. फुलबॅक म्हणून पाहिलं, म्हणजे चेंडू पोटाशी धरून भिंतीत घुसणारा गडी म्हणून.

एका रविवारी चर्चहून परतल्यावर तो इरेनाच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. ती कोबीच्या पानांत भात-खिमा गुंडाळत होती.

"नाही," तो काही बोलायच्या आत ती म्हणाली.

"मी अजून विचारलंसुद्धा नाही."

"तू टोपी काढून बसलास. टोपी काढलीस की तू काहीतरी मागणार. अँडी गेला तेवढं पुरे. हा मला धड हवाय."

"इरेना, तो रस्त्यावर मारामाऱ्या करतोच आहे. माझ्याकडे आला तर निदान माझ्या डोळ्यांसमोर असेल. हात-पाय मोडतील, ते जुळतात. पण डोक्याला लागलं असं मला नुसतं वाटलं, तरी मी स्वतः त्याला बाहेर काढीन. सामना कुठलाही असो. आईची शपथ."

इरेनाने पान गुंडाळायचं थांबवलं. आईची शपथ एमिल उठसूट घेणारा नव्हता.

"डोकं," ती म्हणाली. "बाकी काही मागत नाही मी तुझ्याकडे. त्याचं डोकं."

"दिलं," एमिल म्हणाला.

मार्टी आला आणि डॅगर्टला ऊत आला. मैदानावर तो मामाला "कोच" म्हणायचा आणि घरी "उजो", आमच्या स्लोव्हाक घरांत मामाला म्हणतात तसं. तो फार पळायचा नाही. तो घुसायचा. समोरचा पकडायला खाली वाकला की याचा गुडघा त्याच्या हनुवटीखाली. दोघे लोंबकळत असले तरी हा पुढेच. शेवटच्या वर्षी तर टीमकडे त्याच्याशिवाय दुसरं काही नव्हतंच. चेंडू मार्टीला, पुन्हा मार्टीला, आणि बदल म्हणून मार्टीला. दर सोमवारी इरेना त्याच्या पाठीला गरम पाण्याने शेकायची. पाठ जांभळी, पिवळी, हिरवी झालेली असायची. ती काही बोलायची नाही, फक्त बोटांनी त्याचं डोकं चाचपून बघायची.

त्या वर्षी शाळेत एक नवा मास्तर आला होता, डॉम फेरान्ते. इतिहास शिकवायचा आणि एमिलच्या हाताखाली टीम बघायचा. पोरगा हुशार आणि तोंडाने फाटका.

"कोच, रागावू नका, पण आपल्याला अडवायला समोरचे नऊ-नऊ माणसं पुढे आणून उभी करतात. मागे अख्खं मैदान ओसाड. आपण शंभर घाव घालत बसतो, तिथे एक पुरेल."

"फेकाफेकी कोण करतं ठाऊक आहे? ज्याला मार खायचा नसतो तो."

"कुणाला हवा असतो, कोच?"

त्या वर्षी जिंकत जिंकत डॅगर्ट अंतिम सामन्यापर्यंत पोचलं. समोर हॅलोवेल. पोलाद कारखान्याचं मोठं गाव, आमच्या तिप्पट पोरं, आणि मधल्या फळीत एक राक्षस. त्याने त्या मोसमात एका पोराचा जबडा आणि दुसऱ्याची मांडी मोडली होती. सामना नेहमीसारखा शुक्रवारी ठरला होता. पण शुक्रवारी बर्फाळ पाऊस असा कोसळला की मैदानावर उभं राहणं मुश्किल, म्हणून तो शनिवार दुपारवर ढकलला. आता शनिवारी फुटबॉल म्हणजे आमच्याकडे अमावास्येला लग्न. शाळेचे सामने शुक्रवारी होतात, बायका सकाळी बटाटा भरलेल्या पिरोगी उकडून ठेवतात, खाणीतली पाळी अदलाबदल होते, दुकानं लवकर बंद होतात. वार शनिवार, पण अख्खं गाव शुक्रवारच्या अंगाने चालत होतं.

पहिला भाग म्हणजे नुसती कत्तल. पाऊस अजून भुरभुरत होता, जमीन वरून चिखल, खालून दगड. मार्टी घुसला, दोन यार्ड. घुसला, तीन. घुसला, आणि त्या राक्षसाने त्याला उचलून पाठीवर असा आपटला की कुंपणाशी उभ्या असलेल्यांच्या तोंडून एकदमच श्वास सुटला. मार्टी उठला, चेंडू पंचाच्या हातात दिला आणि परत जागेवर गेला. पुढच्या वेळी त्याने त्या राक्षसाच्याच छातीत खांदा घातला. राक्षस मागे सरकताना एमिलने पाहिलं. आपल्या पुढच्या रांगेतल्या एका पोराची करंगळी उलटी वळली होती. त्याने ती शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधली आणि परत वाकून उभा राहिला. ढिगाऱ्याखाली काय चाललं होतं ते देवच जाणे. बोटं डोळ्यांत, दात दंडात, ज्याला जे मिळेल ते. वर आलेल्या पोरांच्या हेल्मेटच्या जाळ्यांमधून रक्त आणि लाळ लोंबत होती. आणि एमिल सुखात होता. हे लिहायला बरं वाटत नाही, पण होता. त्याच्या मनासारखा सामना चालला होता.

तिसऱ्या भागात ते झालं. मार्टी चेंडू घेऊन घुसला आणि समोरून तो राक्षस धावत आला, दोघांची डोकी खाली. हेल्मेटवर हेल्मेट आदळलं. एरवी हाडाचा आवाज येतो, यावेळी दगडावर घण पडावा तसा आला. राक्षस बसला तो उठेना, त्याला चौघांनी उचलून नेलं. मार्टी मात्र उठला. डॅगर्टची माणसं ओरडून घसे फोडत होती. मार्टीने चेंडू पंचाला दिला, वळला आणि शांतपणे हॅलोवेलच्या पोरांच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. आपल्या दोघांनी त्याला दंडाला धरून कडेला आणलं.

कडेला विल्बर होता. हा आमचा औषधदुकानदार, टीमचा वैद्य म्हणायचा तर तोच. त्याचे प्रश्न तीन, आणि वर्षानुवर्षं तेच. आज वार कुठला, समोर कोण, आईचं नाव काय. गावातली शेंबडी पोरंसुद्धा खेळात "विल्बर, विल्बर" करून हेच प्रश्न विचारायची. त्याने मार्टीच्या नाकाखाली अमोनियाची कुपी फोडली. मार्टीचं डोकं मागे उडालं.

"वार?"

"शुक्रवार," मार्टी म्हणाला.

"समोर कोण?"

"हॅलोवेल."

"आईचं नाव?"

"इरेना पेट्रिस्को."

"ठणठणीत आहे," विल्बरने एमिलला सांगितलं आणि तो कुपीचा कचरा वेचू लागला. वीस वर्षं त्याने त्या प्रश्नाला शुक्रवार हेच उत्तर ऐकलं होतं. दुसरं उत्तर असू शकतं हेच त्याच्या डोक्यात नव्हतं.

एमिलच्या मात्र कानात तो शब्द कुसळासारखा अडकला. त्याने मार्टीच्या डोळ्यांत पाहिलं. एक बाहुली मोठी, एक लहान, असं त्याला वाटलं. मग वाटलं, उजेडामुळे असेल. मग वाटलं, अरे, मला विचारलं असतं तर मीसुद्धा शुक्रवारच म्हणालो असतो. अख्ख्या गावात आज कुणालाही विचारा. आपण खेळतो तो शुक्रवार. हा विचार मनात आला आणि त्याला इतकं हलकं वाटलं की तो हसलासुद्धा. माणसाला जे हवं असतं त्याला कारण सापडायला वेळ लागत नाही.

"लागलं?" त्याने विचारलं.

"नाही, कोच."

"जा."

आणि मार्टी गेला. नवल म्हणजे तो खेळलाही. कुठे उभं राहायचं ते दुसरे सांगत होते, पण एकदा चेंडू पोटात आला की पाय आपोआप चालत होते. गल्लीत त्या पायांना तेवढंच शिकवलं होतं. घुसला, चार यार्ड. घुसला, तीन. उठायला आता वेळ लागत होता. एकदा तो गुडघ्यावर बसून ओकला आणि ओकारी हाताने पुसून उभा राहिला. हॅलोवेलच्या पोरांच्या डोळ्यांत ती भीती आली होती. एमिलला ती दिसली. पण आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं लक्ष समोरच्यांच्या डोळ्यांवर नव्हतं.

सामना संपत आला तेव्हा डॅगर्ट चार गुणांनी मागे होतं. गोलरेषा वीसेक यार्डांवर, ती ओलांडली की सहा गुण. चौथा, शेवटचा प्रयत्न, आणि पुढे जायला हवा होता जेमतेम एक यार्ड. हॅलोवेलने होती नव्हती ती सगळी माणसं पुढे आणून खांद्याला खांदा लावून उभी केली. शेंबडं पोर असतं तरी त्याला कळलं असतं की चेंडू मार्टीला जाणार. एमिलने वेळ मागून घेतला. डॉम फेरान्ते त्याच्या कानाशी आला. थंडीत त्याचे दात वाजत होते.

"कोच, फेका. या एकदाच. चेंडू मार्टीच्या पोटाशी न्यायचा आणि काढून घ्यायचा. मार्टी रिकाम्या हाताने घुसेल, सगळे त्याच्यामागे जातील. मागे आपलं ते लांबडं पोरगं एकटं उभं असेल. माझी आजीसुद्धा झेलेल."

"मार्टीला बाहेर काढून दुसऱ्याला घुसवलं तर?"

"मग कोण फसेल? ती सगळी माणसं मार्टीसाठी उभी आहेत. मार्टी नसला तर मागे जातील."

 एमिलने मैदानाकडे पाहिलं. मार्टी हेल्मेट काढून चिखलाकडे बघत उभा होता. डाव्या कानातून काहीतरी ओघळत होतं, घाम असेल. आणि एमिलला वाटलं, देवाने हा मार्ग दाखवला. चेंडू हातात नसला तर त्याला मारतील कशाला? ज्याच्याकडे चेंडू नाही त्याला कोण हात लावतो? या एका डावापुरता तरी पोरगा मारातून सुटेल. ज्या माणसाने आयुष्यभर फेकणाऱ्यांना भेकड म्हटलं, त्याने केवळ भाच्याच्या मायेपोटी चेंडू फेकायला हो म्हटलं. आणि त्याला बाहेर काढलं नाही, कारण मग डाव जमला नसता. या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. एमिलला त्या दोन्ही माहीत होत्या.

चेंडू निघाला. मार्टी वाकून धावत आला, चेंडू त्याच्या पोटापर्यंत गेला आणि परत बाहेर आला. मार्टीचे हात पोटावर मिटले. त्याला खोटं खोटं घुसायचं होतं, पण चेंडू आपल्याकडे नाही हे त्याला कळलंच नसावं. तो डोकं खाली घालून जीव खाऊन घुसला. आणि तीन वर्षं त्याच्या नावाने धसका घेतलेल्या हॅलोवेलच्या पोरांनी, ज्याला जिथून जमेल तिथून, त्याच्यावर उडी घातली. एकाचा गुडघा मानेवर, एकाचं हेल्मेट कानशिलात, दोघे पाठीवर. तोवर चेंडू त्यांच्या डोक्यावरून निघून गेला होता.

मैदानावरचं एकूणएक डोकं वर वळलं. चेंडू हवेत होता आणि हजारो माणसं श्वास रोखून त्याच्याकडे बघत होती. लांबड्या पोराने तो झेलला, अडखळला आणि गोलरेषा ओलांडून पडला. डॅगर्ट जिंकलं. शाळेने फिल्म काढायला माणूस ठेवला होता. त्यानेही कॅमेरा चेंडूमागेच फिरवला, त्यामुळे गावाकडे आजही जी फिल्म आहे तिच्यात मार्टी अर्ध्यातच दिसेनासा होतो. एमिलने एकट्याने चेंडूकडे पाहिलं नाही. तो ढिगाऱ्याकडे बघत होता. ढिगारा उठला. खालचा पोरगा उठला नाही.

कुंपण मोडून गाव मैदानात घुसलं. लोक नाचत होते, एमिलला उचलायला धावत होते. एमिल त्यांच्यातून वाट काढू लागला, आधी हाताने आणि मग खांद्याने. वाण्याने त्याला मिठी मारली तेव्हा त्याने कोपर वर करून त्याचे पुढचे दोन दात पाडले. बँकेतल्या साहेबाला त्याने चिखलात पाडून त्याच्यावर पाय दिला. लोकांना वाटलं आनंदाने वेडा झाला. मार्टीजवळ पोचला तेव्हा कुणाचं तरी पोरगं आठवण म्हणून मार्टीच्या पायातला एक बूट काढून पळत होतं. मार्टीचे डोळे उघडे होते आणि त्यांत पाऊस पडत होता.

जिल्ह्याच्या इस्पितळात त्याची कवटी उघडली. आत रक्त साठलं होतं. डॉक्टर म्हणाला, जगेल, पण कसा ते सांगता येत नाही. बाहेरच्या बाकावर इरेना कारखान्याचा डगला अंगावर तसाच ठेवून बसली होती. गाव तिथे येऊन धीर देऊन जात होतं. विल्बर रडत होता. "तिन्ही प्रश्नांची उत्तरं बरोबर दिली पोराने, इरेना. मी स्वतः विचारलं. शेवटच्या डावातच काय ते झालं बघ. कुणाच्या हातात होतं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. एमिलला फक्त गप्प बसायचं होतं. त्याला कुणी काही विचारलंही नसतं.

माणसं गेली. तो बहिणीसमोर उभा राहिला. बसायची त्याची छाती झाली नाही.

"तो शुक्रवार म्हणाला," एमिल म्हणाला.

"काय?"

"तिसऱ्या भागात त्याच्या डोक्याला लागलं. विल्बरने वार विचारला. तो शुक्रवार म्हणाला. विल्बरला कळलं नाही. मला कळलं."

इरेनाने विचारलं, "आणि?"

"आणि मी त्याला परत पाठवला. शेवटच्या डावातही ठेवला. तो नसता तर डाव जमला नसता."

एमिलला वाटलं ती ओरडेल, नखांनी तोंड ओरबाडेल. त्याने तोंड पुढे केलं होतं. तिने हातही उचलला नाही. ती आपल्या बोटांकडे बघत होती. मशिनची सुई घुसून घुसून ती टोकांना कडक झाली होती.

"सकाळी मला कारखान्यात जावं लागतं," ती म्हणाली. "तो घरी आला की सकाळी तू येशील. रोज. त्याचं तोंड धुशील, हगणं-मुतणं काढशील, भरवशील. बाई ठेवू नकोस. तू ये. आणि माझ्याशी बोलू नकोस."

एमिलने शाळेची शिट्टी दुसऱ्या दिवशी डॉमच्या टेबलावर ठेवली आणि मैदानात पुन्हा पाऊल टाकलं नाही. गल्लीतले टायर डॉमने उचलून नेले. पुढे डॉमची टीम फेकून फेकून खूप सामने जिंकली, काही हरलीही. दारूच्या गुत्त्यात अजून भांडणं होतात की धावून जिंकावं की फेकून. आणि कुणीतरी हटकून म्हणतं, एमिल हुडाक खरा कोल्हा, एका फेकीसाठी सगळी वर्षं नुसता घुसत राहिला. एमिल गुत्त्यात जायचा नाही. त्याच्या सकाळी इरेनाच्या घरी जायच्या. ती दारातून बाहेर पडायची, हा आत शिरायचा, दोघं एकमेकांच्या अंगावरून जायची. बोलणं नाही. पुष्कळ वर्षांनी एकदा तिने टेबलावर त्याच्यासाठी कॉफीचा पेला झाकून ठेवला होता, एवढंच.

मार्टी चालायचा, डावा पाय ओढत. थोडं बोलायचा. पण खांदे तेच राहिले, मान तीच राहिली. आणि मध्येच, काही कारण नसताना, त्याच्या डोळ्यांवर पडदा यायचा. मग समोर कोण आहे ते त्याला दिसत नसे.

एका सकाळी एमिल त्याची दाढी करत होता. तेव्हा एमिलने सत्तरी ओलांडली होती. एका गालाची झाली होती, दुसऱ्यावर फेस होता. अचानक खुर्ची मागे पडली. मार्टीने डोकं खाली घातलं आणि खांदा पुढे करून तो मामाच्या छातीत घुसला, जसं त्याला शिकवलं होतं तसा, पायांनी रेटत, न थांबता. म्हातारा टेबलासकट भिंतीवर आदळला. कपाट कोसळलं. फासळी मोडल्याचा आवाज एमिलला स्वतःला ऐकू आला. त्या आवाजाची त्याला ओळख होती. वस्तरा मात्र त्याने आधीच लांब फेकला होता.

टपालवाला दारात उभा होता. तो घाबरून म्हणाला, "हुडाक, कुणाला बोलावू का? याला कुठेतरी ठेवायला हवं. मारून टाकेल तुम्हाला."

"जा तू," एमिल म्हणाला.

मार्टीच्या डोळ्यांवरचा पडदा हळूहळू गेला. त्याने पडलेलं कपाट पाहिलं, फुटलेले पेले पाहिले, भिंतीला टेकून बसलेला माणूस पाहिला. 

"लागलं, उजो?"

एमिलने त्याच्याकडे पाहिलं. श्वास घेताना छातीत सुरी फिरत होती.

"लागलं," तो म्हणाला. "फार लागलं, मार्टी."

मार्टी रडायला लागला. एमिल भिंतीला धरून उठला. खुर्ची सरळ केली, वस्तरा शोधून धुतला. मार्टी येऊन बसला आणि त्याने मान वर केली. मग एमिलने दुसऱ्या गालाची दाढी करायला घेतली.